ऐतिहासिक व्यक्तींवर नाटकं लिहून करियर होतं का?

तुमचा प्रश्न असा की इतिहासातल्या माणसांवर नाटकं लिहायची आवड आहे, यात नाटककार म्हणून करियर होईल का आणि सुरुवात कुणापासून करावी. पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. पोट भरेल असं करियर होत नाही. वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' 1962 साली आलं, त्यांच्याएवढं यश फार थोड्यांना मिळालं, पण तेही नाशिकला कॉलेजात शिकवत होतेच की. तेव्हा नोकरी सोडू नका. आणि नाव म्हणाल तर ते आधी महाराजांचं होतं, मग नटाचं. जुन्या लोकांना नाटकातला संभाजी म्हटलं की काशिनाथ घाणेकर आठवतात, ती वाक्यं कुणी लिहिली हे वेगळं विचारावं लागतं.

कुणावर लिहावं, यावर मात्र मला बोलायचंय, कारण ती निवड मी एकदा केली होती आणि पुढे जे झालं ते बारा वर्षं झाली तरी मनातून जात नाही.

मी आनंदीबाईंवर लिहिलं. राघोबादादांच्या बायको, 'ध' चा 'मा' वाल्या. आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं की नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असं पत्रात होतं आणि बाईंनी ते 'मारावे' केलं. मलाही तेवढंच ठाऊक होतं. मग दोन वर्षं वाचत गेलो, पेशवे दफ्तरातले इतिहासकार सरदेसायांनी 45 भागांत छापलेले निवडक कागद जेवढे हाती लागले तेवढे पाहिले, मोडी लिपीचा वर्ग लावला, आणि लक्षात आलं की नारायणरावांचा खून खरा, 30 ऑगस्ट 1773 ची तारीख खरी, मारेकरी गारदी शिपाई खरे, दादासाहेबांचा, म्हणजे राघोबादादांचा, कटातला हातही काही लपत नाही, पण बाईंनी स्वतःच्या हातानं अक्षर बदललं याला ठोस पुरावा म्हणावा असं काही नाही. ती लोकांच्या तोंडी रुजलेली गोष्ट आहे. एका बाईच्या नावाची म्हणच करून टाकली आपण!

नाटक मी खुनाच्या रात्रीचं लिहिलंच नाही. माझं नाटक दादासाहेब 1783 मध्ये कोपरगावला वारले त्याच्या पुढचं. बाई पुणे दरबारच्या नजरेखाली, आधी कोपरगाव, मग नाशिकजवळ आनंदवल्ली, 1794 ला जाईपर्यंत सुटका नाही. जवळ मुलगा बाजीराव, जो पुढे शेवटचा पेशवा झाला. माझ्या नाटकात तो नऊ वर्षांचा आहे आणि धुळपाटीवर अक्षरं गिरवतोय. पहारेकऱ्यांचं काहीतरी बोलणं त्याच्या कानावर पडलेलं असतं. तो धुळीत 'ध' काढतो, जरा वेळ बघतो, तळहातानं पुसतो, मग 'मा' काढतो आणि मान वर न करता विचारतो, "मातोश्री, हे तुम्ही केलंत?" बाई काही बोलत नाहीत. खाली बसतात, त्याचं बोट धरतात, धूळ सारखी करतात आणि म्हणतात, "पुढचं अक्षर काढा." बस, एवढाच प्रवेश, पण सगळं नाटक मी या प्रवेशासाठी लिहिलं होतं.

आमच्याकडच्या एका हौशी संस्थेनं ते राज्य नाट्यस्पर्धेसाठी घेतलं. दिग्दर्शक वयानं आणि अनुभवानं मोठे, मी त्यांना सरच म्हणायचो. वाचनाच्या दिवशीच म्हणाले, "सगळं उत्तम आहे हो, पण पत्र कुठाय? लोक ज्या एका अक्षरासाठी येणार ते तुम्ही धुळीत पुसून टाकलंत." मी म्हटलं सर, घडल्याचा पुरावा नाही. तर म्हणाले, "इतिहास शाळेत शिकवतात, आपण नाटक करतोय." मी नाही म्हणालो, ते ठीक आहे म्हणाले, विषय संपला असं मला वाटलं. पुढे ऑफिसच्या कामामुळे शेवटच्या दहा-बारा दिवसांच्या तालमींना मला जाता आलं नाही.

प्रयोगाला मी सहाव्या रांगेत होतो. तिसरी घंटा झाली, पहिला अंक लिहिल्याप्रमाणे गेला. दुसऱ्या अंकात पोरानं "हे तुम्ही केलंत?" विचारलं आणि अंधार झाला. मला वाटलं लाइटवाल्याची चूक झाली. मग लाल प्रकाश आला, मागे "काका, मला वाचवा" अशी आरोळी, आणि मधोमध बाई, हातात बोरू, दौतीत बुडवतायत, समोर कागद, आणि एक फटकारा मारून हसतायत. प्रेक्षागृहात टाळ्या! कडकडून टाळ्या. माझ्या शेजारचे काका मला म्हणाले, "काय काम केलंय बाईनं." मी उठून बाहेर गेलो, नाटक पूर्ण पाहिलंच नाही.

नंतर त्या कलाकार ताई विंगेत भेटल्या, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाल्या, दादा, मला धुळपाटीवालाच प्रवेश करायचा होता, पण ऐनवेळी काय बोलणार. सर मात्र मला म्हणाले, "टाळी ऐकलीत ना?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आज देतो. सर, खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' 1909 चं, तेव्हापासून लोक आनंदीबाईंना कारस्थानी म्हणूनच ओळखत आलेत. जे आधीपासून मनात आहे त्यावर टाळी पडणारच, त्यासाठी नवीन नाटक कशाला लिहायचं?

तुम्ही म्हणाल, धुळपाटीचा प्रवेश तरी कुठल्या कागदात आहे? नाहीच. तो मी रचला. नाटककाराला रचावं लागतंच, बंद दारामागे काय बोलणं झालं ते कुठल्याच दफ्तरात मिळत नाही. पण मी एका पोराच्या तोंडी प्रश्न रचला आणि सरांनी एका बाईच्या हातून गुन्हा करवला, या दोन्हींत फरक आहे आणि तो मला कुणी कितीही समजावलं तरी पुसट होणार नाही. म्हणून निवडायचंच असेल तर असा माणूस निवडा ज्याच्याबद्दल लोकांचं मत ठरून गेलंय आणि कागद वेगळं काहीतरी सांगतायत. ज्यांचे पुतळे आहेत त्यांच्यावर सुरुवातीला लिहू नका, एकतर आरती होते नाहीतर भांडण. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वर 1972 नंतर नाना फडणविसांवरून केवढं वादळ झालं ते तुम्ही वाचलं असेलच.

आणि आधी कागद करा, नाटकाचा नव्हे, कराराचा. संहितेत एक ओळही लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय घालायची किंवा काढायची नाही, हे लिहून घ्या. परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे प्रयोगाआधी नाटक तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडून, जी संहिता मंजूर होते तिचाच प्रयोग करायचा असतो, सरांचा तो लाल प्रवेश त्या संहितेत नव्हताच. शिवाय 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 57 वं कलम आहे, आपल्या लिखाणाची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागत असेल तर लेखकाला दाद मागता येते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सरांविरुद्ध गेलो असतो का, कोण जाणे.

हे सगळं हौशी रंगभूमीवरून सांगतोय. व्यावसायिकमध्ये निर्माता असतो, प्रयोगागणिक मानधन मिळतं, हिशेब वेगळा. तिथं पंधरा पात्रांचं ऐतिहासिक घेऊन गेलात तर पगड्या, दागिने आणि ड्रेपरीचा, म्हणजे कपडेपटाचा, खर्च ऐकूनच समोरचा गप्प होतो, म्हणून पाच-सहा पात्रांत बसवा. आणि सर वाईट नव्हते, तेही सांगायला हवं, आमच्या गावात त्यांच्यामुळे नाटक टिकलं.

माझी मूळ संहिता आहे माझ्याकडे. कुणा संस्थेला करायची असेल तर कळवा, मानधन नको, परवानगीचं पत्र लगेच देईन. फक्त बाईंच्या हाती बोरू दिसणार नाही एवढं आधी सहीनिशी लिहून द्यावं लागेल.