ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगची पहिली चार फेऱ्यांची उडी (हवेत स्वतःभोवती चार गिरक्या) कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगने मारली का?

नाही, तो मान पेत्र बार्ना या चेक स्केटरचा. १९९२च्या आल्बेरव्हिल हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्याने चार फेऱ्यांचा टो लूप (उडीचा एक प्रकार) पूर्ण केला आणि व्हिक्टर पेत्रेन्को, पॉल वायली यांच्यामागे कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी लोझानला याच पेत्रेन्कोला मागे टाकून तो युरोपियन विजेताही झाला होता. इतक्या मोठ्या कामगिरीच्या मानाने त्याचं नाव फारच कमी घेतलं जातं, याचं वाईट वाटतं. गल्लत होते ती ब्राउनिंगमुळे: स्पर्धेत मान्यता मिळालेली पहिली अशी उडी खरोखर त्याचीच, पण ती १९८८च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेतली. नोंदी शोधताना बार्ना चेकोस्लोव्हाकियाच्या नावाखाली सापडेल. कारण त्या देशाची फाळणी नंतरची, १९९३ची.