खळ्यावर स्कॉटलंडचे खेळ

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत स्कॉटलंडमधील धाकट्या दिरांची मुले खानापूर तालुक्यातील आमच्या गावी येणार आहेत. तेथे पाहिलेले ‘हायलँड गेम्स’ शेतात खेळायचे, असा त्यांचा हट्ट आहे. पाच ते चौदा वर्षांची एकूण सतरा मुले जमतील. लहानांचा हिरमोड होऊ नये आणि कोणाला इजाही होऊ नये, यासाठी काय करावे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : लहानांची आपली चिंता या खेळांतील एका जुन्या नियमानेच दूर होईल. ‘केबर’ नावाचा पाच-सहा मीटर लांबीचा लाकडी सोट उभा धरून तेथे असा भिरकावतात की, वरचे टोक जमिनीला टेकून तो उलटतो आणि पुढे पडतो. मात्र तो किती लांब गेला हे मोजत नाहीत, तर फेकणाऱ्याच्या समोर किती सरळ पडला ते पाहतात. घड्याळातील बाराच्या दिशेला पडलेला केबर सर्वोत्तम मानतात. त्यामुळे सात वर्षांची मुलगीही चौदा वर्षांच्या भावाला हरवू शकते, म्हणून सुरुवात याच खेळाने करावी, असा माझा आग्रह आहे. बेळगावच्या खडे बाजारातील कापड दुकानांत ताग्याच्या आतील पुठ्ठ्याच्या नळ्या मागून पाहाव्यात. लहानांसाठी त्या कापून आखूड कराव्यात. मागे उभ्या राहिलेल्या मोठ्या माणसाने ‘अकरा वाजले’, ‘बारा वाजले’ असे पुकारले की, मुलांना निकाल आपोआप कळेल.

गवताने भरलेले पोते लांब दांड्याच्या अणकुचीदार काट्याने उचलून उंच आडव्या दांडीपलीकडे फेकण्याचाही तेथे खेळ आहे. आपण उशीच्या जुन्या अभ्र्यात पिंजर (भाताचा पेंढा) भरून तोंड शिवावे, दोन बांबूंना दोरी बांधावी आणि प्रत्येक फेरीनंतर ती वीतभर वर घ्यावी. काटा मात्र मुलांच्या हाती देऊ नये. गरगर फिरवून फेकायचा हातोडा तर पूर्णपणे वगळावा, कारण हातातून निसटल्यास तो कोणत्याही दिशेला जातो.

शेवटी रस्सीखेच घ्यावी. आठ-आठांचे दोन संघ करून उरणाऱ्या मुलाला पंच नेमावे आणि तो मान फेरीगणिक बदलावा. संघ पाडताना वयापेक्षा वजन पाहावे. हात सोलवटणाऱ्या नायलॉनपेक्षा जाड सुती दोर बरा. तो मनगटाला गुंडाळू देऊ नये. कापलेल्या भाताची धसकटे अनवाणी पायांना बोचतात, तेव्हा सारे खेळ खळ्यावरच घ्यावेत आणि रस्सीखेचीच्या वेळी दोन्ही संघांच्या मागे पिंजराचा जाड थर अंथरावा.