ख्रिस्ती असूनही घरची माणसं अचानक गेल्यावर रडू आवरत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही, रडू येणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. हे बायबलच्याच आधाराने सांगतोय. मेलेल्या आपल्या मित्राला, लाजराला, आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला (योहान ११:३५). थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना प्रेषित पौलही दुःखच करू नका म्हणत नाही; आशा नसलेल्यांसारखं करू नका, एवढंच म्हणतो (१ थेस्स. ४:१३). प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं ८८वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही, तरी सगळं गाऱ्हाणं देवापाशीच मांडलंय. सुरुवातीच्या दिवसांत मला तरी 'परमेश्वर माझा मेंढपाळ' या दिलाशाच्या २३व्या स्तोत्रापेक्षा हेच जवळचं वाटतं.

शिकागोचे वकील होरेशियो स्पॅफर्ड यांचं उदाहरण उपदेशांत नेहमी येतं. १८७३ मध्ये अटलांटिकमध्ये जहाज बुडून त्यांच्या चार मुली गेल्या, पत्नी तेवढी वाचली; पुढे त्यांनी 'It Is Well with My Soul' (माझ्या जिवाला स्वस्थता आहे) हे प्रसिद्ध भक्तिगीत लिहिलं. सांगणारे असं सांगतात की जणू त्यांना दुःख शिवलंच नाही! पण गीताच्या सुरुवातीलाच दुःख समुद्राच्या लाटांसारखं उसळतं.

एक मात्र लक्षात ठेवा: आठवडेच्या आठवडे झोप-जेवण तुटलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका. पाळकांशी किंवा फादरांशी बोलाच, पण डॉक्टरही गाठा. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.