दोनच चाकं तर वर आहेत!

प्रश्न : आमचा रस्ता अरुंद. दोन चाकं फुटपाथवर चढवली नाहीत तर अग्निशमन दलाची गाडीही जाणार नाही. मग फुटपाथवरच्या पार्किंगला सरसकट बंदी कशाला?

उत्तर : मी व्हीलचेअरवर फिरते, तेव्हा बाजू घेणारच. तुमची ‘दोनच चाकं’ वर चढली की भिंत आणि गाडीचा आरसा यांत जेमतेम हातभर फट उरते. मग मागे फिरायचं, उतार शोधायचा आणि वाहत्या रस्त्यात उतरायचं. शिवाय फरशा माणसांच्या वजनाच्या हिशेबाने बसवलेल्या. गाडीखाली त्या खचतात, पाणी साचतं.

अग्निशमनाचा मुद्दा खरा. पण मग एका बाजूचं पार्किंग बंद करा की!

लंडनमध्ये ही बंदी १९७४ पासून आहे. स्कॉटलंडने २०१९ मध्ये कायदा केला, दंड करण्याचे अधिकार स्थानिक प्रशासनांना डिसेंबर २०२३ मध्ये मिळाले. दंड १०० पौंड. तिथेही सरसकट नाहीच : गाडी लावून दीड मीटर वाट उरत असेल तर स्थानिक प्रशासन तो फुटपाथ वगळू शकतं. मालाची चढउतार करणाऱ्यांनाही, तेवढीच वाट सोडली तर, वीस मिनिटांची मुभा. ‘दोन मिनिटांत आलोच’वाल्यांना मात्र नाही, आणि माझी वाट अडवणारे बहुतेक तेच.