आधी कागद ओळखायला शिकू द्या

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात टी.वाय.बी.ए.ला आहे. माहिती अधिकार वापरून शोध पत्रकारिता करायची म्हणते. यात पोट भरेल का? जिवाला धोका नाही ना? – एक आई, धायरी

ताई,

तुमची भीती खोटी नाही. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. म्हणून जमीन, बांधकाम असल्या विषयांत तिने एकटीच्या नावाने उतरू नये. पाठीशी संपादक किंवा संस्था हवीच.

नुसते अर्ज टाकून पोट भरत नाही. पत्रकार, धोरण अभ्यासक, वकील यांच्या हातातलं ते हत्यार आहे. पत्रकारितेसाठी रानडे इन्स्टिट्यूट आहे, आकड्यांची गोडी असेल तर गोखले संस्थेत अर्थशास्त्र, नाहीतर तीन वर्षांचं एलएलबी. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे धरून चाला.

खरं कसब आहे ते कुठला कागद मागायचा हे कळण्यात. नवखी मुलं लिहितात, "आमचा रस्ता सहा महिन्यांत का उखडला?" कार्यालयाकडे जो अभिलेख, म्हणजे कागदोपत्री नोंद, आहे तोच द्यायचा, कारणमीमांसा करत बसायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. त्यापेक्षा त्या रस्त्याचा कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा हुकूम), देयक (बिल) आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही) मागावी. पुस्तिकेत डांबराच्या थराची जाडी लिहिलेली असते. उखडलेल्या कडेला पट्टी लावली की बातमी आहे की नाही ते तिथेच कळतं! कार्यादेशात दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराच्या हमीची मुदतही पाहावी. ती संपली नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्याच खर्चाने व्हायला हवी.

आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत लिहायचा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. प्रती मागण्याआधी फाइल बघायला मागावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे जातं आणि तिथे फार काळ रखडतं, म्हणून एकाच अर्जावर अख्खा प्रकल्प टांगू नये.

या सुट्टीत तिला आपल्याच गल्लीतल्या एका कामावर अर्ज लिहू द्या. देण्याआधी मला दाखवा. त्यात 'का' हा शब्द असेल, तर पुन्हा लिहायला लावेन.