बाळाचं दूध तोडल्यावर छाती सैल पडली. जास्त महिने अंगावर पाजल्यामुळे असं होतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ एकोणीस महिन्यांचं आहे, कडुनिंब लावून दोन दिवसांत दूध तोडलं, त्याला आता तीन महिने झाले. छाती रिकाम्या पिशवीसारखी वाटते, डावी बाजू उजवीपेक्षा लहान दिसते. आणि घरातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "इतके महिने पाजलंस, मग असंच होणार." दुसऱ्या वेळी पाजावं की नाही, हेही विचारलंय.

पाजल्यामुळे नाही झालं हे. मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे, पण माझ्या दोन्ही खेपा यात इतक्या वेगळ्या गेल्या की हे उत्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

थोरलीच्या वेळी सिझेरियननंतर मी आजारी पडले. अंगावरचं दूध जेमतेम सहा आठवडे टिकलं, पुढे सगळं वरचं दूध. ती आठ महिन्यांची असताना घरात लग्न निघालं, म्हणून पैठणीवरचा ब्लाऊज घालून पाहिला. हूक सगळे लागले. पण पुढचं कापड वरच्या बाजूला पोकळ राहून चुरगळलं होतं, आणि टक्सचं टोक जिथे असायला हवं त्याच्या बरंच वर उभं होतं. मी आरशासमोर रडले. आमच्या शिवणाऱ्या काकूंनी टेप लावली आणि म्हणाल्या, "टक्स इंचभर खाली घेते. बाळंत झालेल्या जवळजवळ प्रत्येकीचा घ्यावा लागतो. पाजणारीचा पण, वरचं दूध देणारीचा पण."

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की काकूंचं बरोबर होतं. स्तनात स्वतःचा स्नायू नसतो. आत दुधाच्या ग्रंथी, चरबी, आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू. दिवस राहिले की पहिल्या काही आठवड्यांतच इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन या हार्मोन्समुळे ग्रंथी वाढायला लागतात. कातडी आणि तंतू ताणले जातात ते तेव्हाच, बाळाने तोंड लावण्याच्या कितीतरी आधी. बाळंतपणानंतर पाजा किंवा नका पाजू, त्या वाढलेल्या ग्रंथी पुन्हा आक्रसतात. आतला भराव कमी होतो आणि ताणलेली कातडी तेवढ्याच वेगाने मागे येत नाही. तुम्हाला जाणवतं ते रिकामपण हेच आहे.

यावर अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या ब्रायन रिंकर या प्लास्टिक सर्जनने अभ्यास केला होता, तो 2008 साली प्रसिद्ध झाला. 93 बायका, सगळ्या बाळंतपणानंतर स्तनांच्या आकाराची तक्रार घेऊन आलेल्या. ओघळण्याचा संबंध कशाशी निघाला? वय, वजन, किती वेळा दिवस गेले, मुळात स्तन मोठे होते का, आणि धूम्रपान. पाजलं की नाही, याचा संबंध निघाला नाही.

आता तीन महिन्यांबद्दल. इतक्यात निकाल लावू नका. ग्रंथी लवकर आक्रसतात, चरबी मात्र सावकाश भरते. धाकट्याला मी अडीच वर्षं पाजलं. दूध तुटल्यावर पहिले दोन-तीन महिने सर्वांत वाईट होते, सहाव्या-सातव्या महिन्यानंतर बराच भरीवपणा आला. अगदी लग्नाआधीसारखं झालं नाही आणि होणारही नाही, हे खोटं कशाला सांगू? पण आज तुम्हाला दिसतंय तेच कायम राहील असंही नाही.

डाव्या-उजव्यातला थोडा फरक बहुतेक बायकांत मुळातच असतो. त्यात बाळ एका बाजूला जास्त प्यायलं असेल तर तिकडे दूध जास्त येतं आणि फरक वाढतो. दूध बंद झाल्यावर तो हळूहळू कमी होतो.

तेल, क्रीम, डाळिंबाच्या सालीचा लेप, यांवर पैसे घालवू नका. ताणलेले तंतू चोळून आखूड होत नाहीत. व्यायामाने स्तनाखालचा छातीचा स्नायू बळकट होतो, पाठ ताठ राहते, त्यानेही दिसण्यात फरक पडतो. पण भुकेलं राहून झटपट वजन उतरवलंत तर सैलपणा वाढेल. आणि जुन्या मापाच्या ब्रा बाजूला ठेवा. छातीखालचा घेर आणि भरीव भागाचा घेर नव्याने मोजून दोनच चांगल्या घ्या. मी हे दीड वर्ष टाळलं, उगाच. शस्त्रक्रियेचा विचार करायचा असेल तर दूध तुटून निदान सहा महिने जाऊ द्या, आणि आणखी मूल हवं असेल तर ते झाल्यावरच करा, कारण पुढच्या खेपेला आकार पुन्हा बदलतो.

दोन दिवसांत दूध तोडलंत, हे वाचून मात्र काळजी वाटली. तसं तोडलं की छाती दगडासारखी दाटते, गाठी होतात, कधी ताप येऊन पू धरतो. पुढच्या वेळी दर काही दिवसांनी एकेक वेळचं पाजणं कमी करत न्या. सध्या दाबल्यावर दुधाचा थेंब आला तर घाबरू नका, काही महिने येऊ शकतो. पण आंघोळीच्या वेळी हाताने तपासा. दोन-तीन आठवड्यांतही न जाणारी गाठ, कातडीला खळगा, आधी बाहेर असलेलं बोंड आत ओढलं जाणं, रक्ताचा थेंब, न ओसरणारी लाली, यातलं काहीही दिसलं तर "दुधाची गाठ असेल" म्हणून घरी बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा सर्जनकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्या.

राहिला दुसऱ्या बाळाचा प्रश्न. ताई, मनात असेल तर जरूर पाजा. 2002 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 30 देशांतल्या 47 अभ्यासांची माहिती एकत्र करून छापली गेली. त्यात पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका 4.3 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. तुम्ही एवढे महिने पाजलंत, तो फायदा बाळाइतकाच तुमच्याही पदरात पडलाय. त्या मोठ्या बाईंना हे शांतपणे सांगा. त्यांनाही बहुधा त्यांच्या तरुणपणी कुणीतरी असंच ऐकवलं असेल.