गच्ची, चेंडू आणि हिंगोट: प्रोजेक्टाइलचे चार प्रश्न

प्रश्न (अकरावी, सुदामानगर, इंदूर): १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, ३० अंश वरच्या दिशेला फेकला. रेंजच्या (चेंडू आडवा किती लांब पडतो, त्या) सूत्राने मला जवळपास ३५ मीटर आले. उत्तर मात्र ५२ दिलंय. गुरुत्वत्वरण १० धरलं होतं.

उत्तर: आकडेमोड बरोबर आहे, सूत्र चुकीच्या जागी लावलंस. ते सूत्र चेंडू सुटला त्याच पातळीला परत येतो तेव्हाचं. ३५ मीटरवर तुझा चेंडू पुन्हा गच्चीच्या उंचीला आलाय, जमीन अजून १५ मीटर खाली आहे. कोचिंगात हे सूत्र आधीच घोकून घेतात, ते मला मुळीच पटत नाही.

आधी वेग फोड. आडवा २० × कॉस ३० = १७.३, उभा २० × साइन ३० = १०. गच्ची शून्य आणि वरची दिशा धन, हे कागदावर लिहूनच टाक. मग जमीन उणे १५ वर आणि त्वरण उणे १०. आता फक्त उभ्या गतीकडे बघ. वेळ ‘ट’ मानली तर:

−१५ = १०ट − ५ट²
म्हणजे ट² − २ट − ३ = ०
ट = ३ किंवा −१

चेंडू ३ सेकंद हवेत. आडव्या दिशेला त्याला कुणी ओढत नाही, म्हणून १७.३ × ३ = ५२ मीटर. आडव्या आणि उभ्या गतीत सामाईक असते ती फक्त वेळ. उणे १ लगेच खोडू नकोस: याच वाटेने चेंडू जमिनीवरून आला असता, तर तो एक सेकंद आधी निघाला असता.

प्रश्न: सगळ्यात वरच्या बिंदूला वेग शून्य होतो ना?

उत्तर: उभा वेग शून्य होतो. आडवे १७.३ तसेच राहतात. आणि त्वरण तिथेही १०, खालीच.

प्रश्न (एक पालक): मुलगा म्हणतो, ४५ अंशांत चेंडू सर्वांत लांब जातो. मग होळकर स्टेडियमवर सीमारेषेवरचे खेळाडू एवढा सपाट थ्रो का करतात?

उत्तर: मुलगा म्हणतो ते खरं, पण वेग तोच, पातळी तीच आणि हवा नाही असं धरलं तर. हातातून चेंडू डोक्याच्या उंचीवर सुटतो, आणि सपाट फेकताना खांद्याचा जोरही जास्त लावता येतो, म्हणजे वेग तोच राहत नाही. शिवाय त्यांना चेंडू लांब नव्हे, लवकर पोचवायचा असतो. ४५ अंशांवरचा चेंडू हवेत रेंगाळतो, तेवढ्यात दुसरी धाव निघते!

प्रश्न: गौतमपुऱ्याच्या हिंगोट युद्धातलं हिंगोट प्रोजेक्टाइल म्हणता येईल का? शाळेच्या प्रोजेक्टसाठी घ्यायचंय.

उत्तर: विषय झकास, पण सूत्रं चालणार नाहीत. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुर्रा आणि कलंगी हे दोन गट एकमेकांवर सोडतात ते हिंगोट म्हणजे पोकळ फळात दारू भरून केलेलं रॉकेट. दारू जळते तोवर तीच त्याला पुढे रेटत असते, आणि प्रोजेक्टाइलवर तर सुटल्यानंतर फक्त गुरुत्वाकर्षण हवं. दारू संपल्यावरही असल्या हलक्या वस्तूला हवा चांगलीच अडवते, त्यामुळे पॅराबोला, म्हणजे प्रोजेक्टाइलची कमानीसारखी वाट, बिघडतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून एकेक फ्रेम मोज, खरी वाट कागदावर उतरव आणि पॅराबोला शेजारी काढ. व्हिडिओ मात्र जाळीच्या मागून, घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊनच.